पोटात हवा आहे, पण भोक सापडत नाही

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ असून तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांमध्ये त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा ‘पोटात हवा दिसते, ताबडतोब सर्जनकडे जा’ असे आम्हांला सांगण्यात आले. वडील तेथे स्वतःच्या पायांनी चालत गेले होते आणि आठवडाभर पोट जरा फुगल्यासारखे वाटते, एवढीच त्यांची तक्रार होती. सीटी स्कॅनमध्येही हवा दिसली, पण ती कोठून आली हे सापडले नाही. सर्जननी शस्त्रक्रिया केली नाही. चार दिवस तोंडाने काही न देता सलाईन आणि अँटिबायोटिक दिले, आणि आठव्या दिवशी घरी सोडले. आज वडील ठणठणीत आहेत. आमच्या नातेवाइकांचे मात्र म्हणणे आहे की, भोक पडल्याशिवाय पोटात हवा येत नाही आणि डॉक्टरांनी काहीच न करता जिवाशी खेळ केला. त्यांचे चुकले का? हवा आली कोठून? पुन्हा असे झाले तर आम्ही काय करावे? डिस्चार्ज कार्ड, सीटीचा अहवाल आणि गोळ्यांची यादी सोबत जोडली आहे.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आपण पाठवलेले सर्व कागद मी दोनदा वाचले. आपल्या वडिलांवर शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही आपले नातेवाईक बोलतात त्याला आधार आहे, म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो.

जठरात आणि आतड्यांत हवा असतेच. ती त्यांच्या बाहेर, म्हणजे ज्या पोकळीत हे सर्व अवयव एकमेकांना चिकटून पण मोकळे असतात त्या उदरपोकळीत, असता कामा नये. तेथे हवा दिसली तर सुमारे ९० टक्के वेळा कोठेतरी खरोखरच भोक पडलेले असते : जठराचा किंवा त्याच्या पुढच्या ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा, अल्सर फुटलेला असतो, टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याचा शेवटचा भाग फुटलेला असतो, किंवा मार लागून आतडे फाटलेले असते. अशा वेळी हवेबरोबर आम्ल, पित्त आणि मळही बाहेर येतो, काही तासांत पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येते, जिला आम्ही पेरिटोनायटिस म्हणतो, आणि उशीर झाला तर माणूस दगावतो. त्यामुळे ‘हवा दिसली की पोट उघडा’ हे वाक्य माझ्या पिढीच्या प्रत्येक सर्जनने शिकताना पहिल्याच वर्षी पाठ केले आहे, आणि ते बहुतेक वेळा खरे ठरते. उरलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांत मात्र हवा असते आणि भोक नसते, किंवा असलेच तर सर्जन पोहोचण्यापूर्वीच ते शरीराने बुजवलेले असते. आपले वडील या दुसऱ्या गटातले आहेत.

हा गट ओळखायचा कसा, हाच खरा प्रश्न आहे. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची, कमान आणि तिच्याखाली यकृताची पांढरी सावली दिसते. एरवी या दोन्ही कडा एकच असल्यासारख्या भासतात, पण मधे हवा शिरली की तेथे द्वितीयेच्या चंद्रासारखी बारीक काळी कोर उमटते. रुग्णाला पाच-दहा मिनिटे बसते किंवा उभे ठेवून, हवा वर चढू देऊन फिल्म काढली तर अगदी थोडी हवासुद्धा दिसू शकते. डावीकडे जठरातील नेहमीची हवा दिसत असल्याने तेथे फसगत होते. क्वचित मोठ्या आतड्याचा एखादा वळसा यकृत आणि श्वासपटल यांच्या मधे चढून बसतो आणि त्यातील हवाच मोकळ्या हवेसारखी दिसते. चिलायडिटी नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या वडिलांच्या सीटीने ही शंका दूर केली होती. हवा खरोखरच मोकळी होती.

त्यानंतरचा निर्णय फिल्म देत नाही, रुग्णाचे पोट देते. ज्याच्या पोटात आम्ल किंवा मळ सांडला आहे तो माणूस हालत नाही. तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, खोकायला घाबरतो, आणि दवाखान्यात येताना गाडी प्रत्येक गतिरोधकावरून गेली की कळवळतो. त्याचे पोट फळीसारखे कडक झालेले असते. तपासणारा सर्जन हात चोळून गरम करतो, तळवा हलकेच पोटावर ठेवतो आणि पोटाकडे न पाहता रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो, कारण तोंडाने ‘दुखत नाही’ म्हणणाऱ्याच्या कपाळाला आठी पडलेली तेथेच दिसते. आपल्या वडिलांच्या कार्डावर पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे : पोट मऊ, दाबल्यावर दुखत नाही, नाडी ८४, ताप नाही. सीटीच्या अहवालात पोटात पाणी नाही, आतड्याला सूज नाही, आसपासची चरबी स्वच्छ आहे आणि पिण्यास दिलेले, फिल्मवर उठून दिसणारे कॉन्ट्रास्ट औषध कोठूनही बाहेर आलेले नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि लॅक्टेट, म्हणजे अवयवांना रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा घटक, हेही प्रमाणात होते. या सगळ्या गोष्टी एकाच दिशेने बोलत असताना ६८ वर्षांच्या मधुमेही माणसाचे पोट उघडले असते, तर हाती काही न लागता भूल, जखमेत पू होणे, टाक्यांच्या जागी हर्निया आणि पुढे आतड्यांना पीळ पडण्याची भीती, एवढे मात्र पदरात पडले असते.

हवा स्वतः फारसे नुकसान करत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध येण्यापूर्वी क्षयरोगाच्या काही रुग्णांच्या पोटात डॉक्टर सुईने मुद्दाम हवा भरत असत. श्वासपटल वर उचलले जाऊन आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी, हा त्यामागचा हेतू होता आणि असे रुग्ण महिनोन्महिने ती हवा पोटात घेऊन वावरत. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वानलेसवाडीला क्षयरुग्णांच्या आरोग्यधामाचा इतिहास आहे, त्यामुळे त्या काळातील लांबलचक उपचारांविषयी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकलेही असेल. घात करते ते हवेबरोबर आलेले आम्ल आणि जंतू. ते आले आहेत का, याचाच शोध सर्जन घेत असतो.

आता ‘काहीच केले नाही’ या आक्षेपाकडे वळतो, कारण तो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे रुग्णाला खाटेवर सोडून देणे नव्हे. तोंडाने काही न देण्याचे कारण असे की, जठर आणि आतडी रिकामी व शांत राहिली तर बारीक भोक असलेच तर त्यातून काही बाहेर येत नाही आणि पोटातील चरबीचा पदर, ज्याला आम्ही ओमेंटम म्हणतो, तेथे जाऊन चिकटतो व ते झाकून टाकतो. जुने सर्जन त्याला पोटातला पोलीस म्हणत. गरज वाटल्यास नाकातून नळी घालून जठर रिकामे ठेवतात, आम्ल कमी करणारे इंजेक्शन आणि अँटिबायोटिक देतात, आणि मधुमेह असेल तर उपाशीपोटी साखर खाली जाऊ नये म्हणून ती वारंवार मोजतात. या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर काही तासांनी पोट तपासणे, आणि तेही शक्यतो त्याच हाताने, कारण सकाळी मऊ असलेले पोट दुपारी किंचित ताठरले आहे हे सकाळी ज्याने हात ठेवला त्यालाच कळते. आपल्या कार्डाच्या मागच्या बाजूला पहिल्या दोन दिवसांत मिळून १४ नोंदी आहेत. त्यांतल्या तीन मध्यरात्रीनंतरच्या आहेत. हा कागद वादात बाजूला पडू देऊ नका. नातेवाइकांना दाखवायचा पुरावा तोच आहे.

नाडी वाढू लागली, ताप आला, लघवी कमी झाली, पोट दुखू लागले किंवा कडक झाले, यांतले काहीही घडले असते तर त्याच सर्जननी रात्रीच्या रात्री शस्त्रक्रिया केली असती. म्हणून हा उपचार जेथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह चोवीस तास हाताशी आहे, तेथेच व्हायला हवा. दिवसातून एकदा डॉक्टर येऊन जातात अशा ठिकाणी तो करू नये, आणि घरी तर मुळीच नाही. शंका राहतेच अशा वेळी मधला मार्गही आहे : दुर्बिणीने बारीक छिद्रातून आत पाहून घेणे.

मी दोन्ही बाजूंनी चुकलो आहे, म्हणून हे लिहिताना मला बरे-वाईट दोन्ही आठवते. सर्जन म्हणून उमेदीच्या काळात दम्याने व्हेंटिलेटरवर असलेल्या एका बाईंच्या पोटात हवा पाहून मी रात्री दोन वाजता पोट उघडले. आतडी वीतभर वीतभर करून दोनदा तपासली. सगळी निरोगी होती. हवा फुप्फुसातून आलेली होती. त्या बाईंना नंतर जखमेच्या संसर्गाने महिनाभर खाट धरावी लागली. काही वर्षांनी सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या एका आजोबांचे पोट मऊ लागले म्हणून मी थांबलो, आणि फुटलेला अल्सर दुसऱ्या दिवशी हाती आला. आजोबा वाचले, पण फार सोसून. स्टेरॉइड घेणारा, खूप वृद्ध, किंवा शुद्धीवर नसलेला रुग्ण असेल तर पोट खोटे बोलते, हे मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही. आपल्या वडिलांच्या यादीत स्टेरॉइड नाही, हे मी मुद्दाम पाहून घेतले.

आता हवा आली कोठून? भोकाशिवाय पोटात हवा येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. व्हेंटिलेटरच्या दाबाने किंवा छातीत हवा सुटल्याने ती रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने खाली उतरते. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांत ती नळीवाटे शिरते. स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि नलिकांच्या मार्गाने येऊ शकते, आणि एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपी, म्हणजे तोंडातून किंवा गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, यांच्यानंतरही काही वेळा दिसते. आपल्या वडिलांना यांतले काही लागू नाही. मात्र सीटीच्या अहवालाच्या चौथ्या ओळीत एक वाक्य आहे, त्यावर माझी नजर थांबली : ‘लहान आतड्याच्या एका भागाच्या भिंतीत हवेचे बारीक बुडबुडे असण्याची शक्यता’. आणि गोळ्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर वोग्लिबोज आहे.

वोग्लिबोज हे आपल्याकडे मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे औषध आहे, कित्येकदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. ते पिष्टमय पदार्थांचे पचन लांबवते, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. न पचलेला पिष्टाचा भाग पुढे गेला की आतड्यातील जंतू त्याला आंबवतात आणि वायू तयार होतो, म्हणून या गोळीने पोट फुगणे ही नेहमीची तक्रार आहे. काही थोड्या रुग्णांत हा वायू आतड्याच्या भिंतीत शिरून बुडबुडे होतात आणि एखादा बुडबुडा बाहेरच्या अंगाने फुटला की पोकळीत हवा येते, पण आतडे मात्र आतून शाबूत राहते. या गटातील औषधे घेणाऱ्यांमध्ये असे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत, विशेषतः जपानमधून, आल्या आहेत. आपल्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले असे मी कागदांवरून ठामपणे म्हणणार नाही, पण आठवडाभर फुगलेले पोट, भिंतीतील बुडबुडे आणि ही गोळी यांची सांगड बसते. कृपया गोळी स्वतःहून बंद करू नका. कार्ड आणि सीटीचा अहवाल घेऊन मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा आणि तिच्याऐवजी दुसरे औषध देता येईल का, हे विचारा. भिंतीत बुडबुडे दिसले म्हणजे नेहमीच निर्धास्त राहावे असेही नाही, कारण आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तरी ते दिसतात. तेव्हा मात्र रुग्णाला असह्य वेदना होतात आणि रक्तातील लॅक्टेट चढते.

पुन्हा असे होऊ शकते. म्हणून ‘पूर्वी पोटात मोकळी हवा दिसली होती, शस्त्रक्रियेशिवाय बरी झाली’ असे मराठीत एका कागदावर लिहून तो वडिलांच्या औषधांच्या डब्यात ठेवा. कोलोनोस्कोपी झाली नसेल, तर पोट पूर्ण शांत झाल्यावर ती करावी का, हे सर्जनना विचारावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सर्जनच्या संमतीने करता येईल. आणि पुढे कधी अचानक, सुरी खुपसल्यासारखे पोट दुखू लागले, तर मागच्या वेळी आपोआप बरे झाले या भरवशावर घरी बसू नका.

प्रश्न : माझ्या मुलीचे पित्ताशय दुर्बिणीने काढले. तिसऱ्या दिवशी खोकला आला म्हणून काढलेल्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवा दिसली आणि आमची झोप उडाली. तिचा उजवा खांदाही दुखतो. शस्त्रक्रियेत आतड्याला इजा झाली असेल का?
– एक माता, सातारा

उत्तर : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात लवकर विरघळतो आणि बहुतेकांत काही दिवसांत नाहीसा होतो. तिसऱ्या दिवशी थोडा उरलेला दिसणे आश्चर्याचे नाही, आणि सडपातळ व्यक्तींमध्ये तो जरा जास्त काळ दिसतो. पोट चिरून केलेल्या शस्त्रक्रियेत साधी हवा आत राहते, तिला जायला आठवडा किंवा त्याहून अधिक लागू शकतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतील एकाच भागातल्या मज्जातंतूंतून जात असल्याने खांदा दुखतो. त्याचे कारण खांद्यात नसते. मुलगी जेवते आहे, चालते आहे, ताप नाही आणि पोटाचे दुखणे दररोज कमी होते आहे, तर धीर धरा. दुखणे कमी होऊन पुन्हा वाढले, उलट्या किंवा ताप सुरू झाला, डोळे पिवळे दिसू लागले, किंवा पुढच्या एक्स-रेमध्ये हवा आधीपेक्षा वाढलेली निघाली, तर त्याच दिवशी तिच्या सर्जनना दाखवा.

प्रश्न : माझ्या भावाचा, वय ४२, अल्सर फुटला आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली. आता कोणीतरी सांगितले की फुटलेला अल्सरही नुसत्या सलाईनवर बरा होतो. आमची फसवणूक झाली का?
– एक वाचक, जत

उत्तर : फसवणूक झालेली नाही. आपण ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण अर्धी. हर्मन टेलर या इंग्रज सर्जननी १९४६ मध्ये अशा रुग्णांना नाकातून नळी घालून, जठर सतत रिकामे ठेवून शस्त्रक्रियेशिवाय बरे केल्याचे लिहिले. पुढे १९८९ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ८३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून तुलना प्रसिद्ध केली. एका गटातील ४० जणांना आधी शस्त्रक्रियेशिवाय ठेवले होते. त्यांपैकी ११ जणांना बारा तासांत उतार न पडल्याने शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली, आणि ७० वर्षांवरील रुग्णांना या पद्धतीचा लाभ कमी झाला. मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता, मात्र शस्त्रक्रियेशिवाय ठेवलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम लांबला.

याचा अर्थ, भोक बुजले आहे हे कॉन्ट्रास्ट पाजून सिद्ध झाले असेल, रुग्ण लवकर आला असेल, नाडी-रक्तदाब स्थिर असेल आणि काही तासांत पोट उतरणीला लागले असेल, तर काही निवडक रुग्णांना असे ठेवता येते. आपण लिहिले आहे की भावाचे पोट रात्री नऊला दुखू लागले, पहाटेपर्यंत घरी लिंबू-सोडा दिला, आणि जतच्या पूर्व भागातून मिरजेला पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले. तेरा तास उलटले होते, पोट फळीसारखे झाले होते, आणि शस्त्रक्रियेत दीड लिटर गढूळ पाणी निघाले. या माणसाला सलाईनवर ठेवणे हा गुन्हा ठरला असता. हवा भावाच्याही पोटात होती आणि वरच्या तासगावच्या आजोबांच्याही. फरक हवेत नव्हता.

आता मागचे उकरण्यापेक्षा भोक पडलेच का, तिकडे लक्ष द्या. भाऊ ऊसतोडीच्या हंगामात अंगदुखीसाठी रोज दोन-दोन गोळ्या दुकानातून घेऊन खात होता, असे आपणच लिहिले आहे; तंबाखूही चालू आहे. वेदनाशामक गोळ्या, धूम्रपान-तंबाखू आणि जठरातील हेलिकोबॅक्टर हा जंतू, बहुतेक फुटलेल्या अल्सरांच्या मागे यांतले एक तरी असते. त्या जंतूचा शोध ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांनी लावला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भोक शिवले तरी जंतू तेथेच राहतो. सहा ते आठ आठवड्यांनी भावाची एंडोस्कोपी करून त्याची तपासणी करा, आणि तो सापडला तर दोन आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स मधे न सोडता पूर्ण करा. एंडोस्कोपीला जाताना दुकानातून आणलेल्या त्या अंगदुखीच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्या. त्यावरचे नाव डॉक्टरांना वाचायला लागेल.